मसुदा हाती आल्यापासून मतदानापर्यंत: अभिव्यक्तीच्या कायद्यांवर काम करू पाहणाऱ्या नाशिककरांसाठी

बोलण्या-लिहिण्याच्या स्वातंत्र्यासाठी काही करायचं आहे असं म्हणत येणारी तरुण मंडळी बहुधा पहिल्यांदा मोर्चाची तारीख विचारतात. मोर्चा हवाच. पण ज्या कायद्याविरुद्ध तो निघतो, तो कित्येकदा आदल्या आठवड्यात आवाजी मतदानाने मंजूर होऊन गेलेला असतो. खरं काम त्याच्या आधीचं आहे. मसुदा बाहेर आल्यापासून सभागृहात मत पडेपर्यंत काही आठवडे मिळतात, कधी काही दिवसच. एवढ्या काळात साध्या नागरिकाला सरकारशी लेखी बोलता येतं आणि ते बोलणं नोंदीत राहतं. नाशिकमध्ये बसून हे कसं करायचं, ते इथे क्रमाने सांगते.

आपल्या गावाला हा विषय नवा नाही. १९०९ साली बाबाराव सावरकरांना जन्मठेप झाली, त्या खटल्याच्या मुळाशी छापलेल्या कविता होत्या. त्याच वर्षी २१ डिसेंबरला विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनची हत्या झाली. तो धक्का ताजा असतानाच, दोन महिन्यांच्या आत, सबंध देशासाठी १९१० चा प्रेस अ‍ॅक्ट आला. छापखान्याच्या मालकाकडून अनामत मागायची आणि मजकूर आक्षेपार्ह वाटला की ती जप्त करायची, असा अधिकार सरकारने त्यातून घेतला. नाशिकपासून शेकडो कोस दूर असलेल्या, कुठल्या कटाशी संबंध नसलेल्या छापखान्यांनाही तो लागू झाला. लोक हादरलेले असतात तेव्हाच असे कायदे वेगाने पुढे सरकतात. म्हणून मसुदा वाचायची सवय शांततेच्या काळात लावून घ्यायला हवी.

आधी राज्यघटनेचं एक पान

वकिली शिकायची गरज नाही. अनुच्छेद १९ मधला (१)(क) आणि त्याचा खंड (२) एवढं नीट वाचा. पहिल्यात भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य आहे. वृत्तपत्र स्वातंत्र्याचा वेगळा उल्लेख घटनेत नाही, ते न्यायालयांनी याच शब्दांतून मानलं आहे. दुसऱ्यात वाजवी निर्बंधांचे आठ आधार आहेत: भारताची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परकीय राष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि अपराधाला चिथावणी. हे आठ आधार वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण पुढे प्रत्येक कलमाला पहिला प्रश्न हाच विचारायचा आहे: तू या आठांपैकी कशात बसतोस?

त्या यादीत ‘जनहित’ नाही, हे नव्या माणसाच्या लक्षात येत नाही. सरकारी निवेदनात मात्र तो शब्द हमखास असतो. याचा निकाल एका मराठी वृत्तपत्राने लावून घेतलेला आहे. १९५६ चा एक कायदा आणि १९६० चा त्याखालचा आदेश यांनी दैनिकाची पानं किती, तर किंमत किती, हे सरकारने ठरवायचं असं केलं होतं. लहान वृत्तपत्रांना मोठ्यांच्या स्पर्धेपासून वाचवायचं, असं कारण सांगितलं गेलं. पुण्याचा ‘सकाळ’ सर्वोच्च न्यायालयात गेला आणि वृत्तपत्राबरोबर त्याचे दोन वाचकही याचिका घेऊन गेले. १९६१ मध्ये न्यायालयाने कायदा आणि आदेश दोन्ही रद्द केले. धंद्यावर जनहितासाठी बंधन घालता येतं, पण अभिव्यक्तीवर घालायचं तर कारण खंड (२) मधलंच लागेल, हा त्या निकालाचा गाभा. ते दोन वाचक मला फार महत्त्वाचे वाटतात. कायदा वृत्तपत्रासाठी असला तरी हरकत घ्यायला तुम्ही पत्रकार असावं लागत नाही.

दुसरा प्रश्न अंतराचा. बोललेला शब्द आणि होणारा अनर्थ यांच्यात किती अंतर आहे? १९८९ च्या एस. रंगराजन निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हे नातं दारूगोळ्याच्या कोठारातल्या ठिणगीइतकं जवळचं हवं. २०१५ च्या श्रेया सिंघल निकालाने तेच अधिक कामाच्या भाषेत मांडलं: चर्चा वेगळी, एखाद्या मताचा पुरस्कार वेगळा, चिथावणी वेगळी. पहिल्या दोन्ही कितीही अप्रिय असल्या तरी त्यांना संरक्षण आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम याच निकालाने रद्द झालं. त्याआधी, नोव्हेंबर २०१२ मध्ये, मुंबई बंद झाल्याबद्दल फेसबुकवर दोन ओळी लिहिणाऱ्या आणि ती पोस्ट पसंत करणाऱ्या पालघरच्या दोन मुलींना अटक झाली होती. ‘त्रासदायक’, ‘अतिशय आक्षेपार्ह’ असे शब्द कलमात होते आणि त्यांना माप नव्हतं.

एवढी तयारी पहिल्या आठवड्याला पुरते. जुने अंक आणि संदर्भ चाळायचे असतील तर सार्वजनिक वाचनालय आहेच. १८४० पासून नाशिककर तिथे वाचत आले आहेत, आणि चार जणांनी मिळून वाचायला त्याच्यासारखी जागा नाही.

मसुदा मिळवा आणि उलट्या क्रमाने वाचा

राज्याचं विधेयक विधानमंडळाच्या संकेतस्थळावर आणि राजपत्रात मिळतं. केंद्राचा मसुदा संबंधित मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असतो. वृत्तपत्राच्या बातमीवरून हरकत लिहू नका, मूळ मसुदा उतरवून घ्या. केंद्रातल्या मंत्रालयांसाठी २०१४ चं पूर्वविचारविनिमय धोरण आहे: मसुदा, सोबत सोप्या भाषेतलं टिपण, आणि प्रतिक्रियांसाठी किमान तीस दिवस. ते धोरण आहे, कायदा नाही, म्हणून ते पाळलं जाईलच असं नाही. प्रसारण सेवा विधेयकाचं उदाहरण ताजं आहे. नोव्हेंबर २०२३ चा मसुदा सर्वांसाठी खुला होता, २०२४ ची सुधारित आवृत्ती मात्र निवडक लोकांनाच दिली गेली. एकट्याने यूट्यूबवर बातम्या सांगणाऱ्यालाही त्यात ओढलं जाईल अशी भीती पसरली, ओरड झाली आणि ऑगस्टमध्ये ती आवृत्ती मागे घेतली गेली. मुदत दिली नसेल तर मुदत मागणं हीच तुमची पहिली हरकत.

मसुदा पहिल्या पानापासून वाचू नका. शेवटी ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ असतं, ते आधी वाचा. सरकार काय करायला निघालं आहे असं सांगतं, ते तिथे कळतं. मग थेट व्याख्यांवर या. अभिव्यक्तीचे कायदे व्याख्येतच जिंकले-हरले जातात. कलमात शिक्षा सात वर्षांची असो की सात महिन्यांची, ती कुणाला लागणार हे व्याख्या ठरवते. नंतर निर्णय कोण घेणार ते पाहा: मंत्री, अधिकारी की न्यायाधीश? आदेशाविरुद्ध अपील कुठे आणि किती दिवसांत? ‘सद्भावनेने केलेल्या कृत्यास संरक्षण’ हे कलम कुणाला वाचवतं? आणि नियम करण्याचा अधिकार किती मोकळा सोडला आहे?

हे सगळं एका घडलेल्या गोष्टीवर पाहू. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात पहिल्यांदा आलं, डिसेंबरमध्ये नागपूरला पुन्हा मांडलं गेलं आणि महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त समितीकडे गेलं. उद्देश नक्षलवादाचा बंदोबस्त, असं सांगितलं होतं. पण ‘बेकायदेशीर कृत्य’ याची व्याख्या बोललेल्या आणि लिहिलेल्या शब्दांपर्यंत, खुणांपर्यंत, दृश्य चित्रणापर्यंत जात होती आणि प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करायला उत्तेजन देणं हेही त्यात होतं. समितीने हरकती मागवल्या तेव्हा बारा हजारांहून अधिक आल्या. त्यांतून तीन ठळक बदल झाले. उद्देशातून ‘व्यक्ती’ गेली आणि ‘कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना’ असे शब्द आले, सल्लागार मंडळाची रचना बदलली, आणि तपास उपनिरीक्षकाकडून काढून पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे दिला. जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केलं.

बारा हजार हरकतींना तीन बदल, हे पाहून निराश होणारे मला भेटतात. मी त्याकडे दोन्ही बाजूंनी बघते. तपासी अधिकाऱ्याचा दर्जा वाढणं ही उद्या कुणाच्या तरी दारात पोलीस येतील तेव्हा प्रत्यक्ष फरक पाडणारी गोष्ट आहे. पण ‘तत्सम’ हा शब्द अजून तिथे आहे, त्याला कुंपण नाही, आणि व्याख्येचा गाभा जवळपास तसाच राहिला. हजारो लोकांनी ‘हा काळा कायदा रद्द करा’ एवढंच लिहिलं तर समितीला एका ओळीत उत्तर देता येतं. ‘तत्सम म्हणजे नेमकं कोण, ते या खंडात लिहा’ असं हजारो लोकांनी मागितलं तर उत्तर द्यावं लागतं.

काळाराम मंदिराची कसोटी

व्याख्या वाचताना मी नवख्यांना एक कसोटी लावायला सांगते. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी तो पुढची काही वर्षं चालवला. त्या सत्याग्रहासाठी लोकांना बोलावणारं पत्रक तुमच्या हातात आहे असं समजा. आता मसुद्यातली व्याख्या त्या पत्रकावर ठेवा. ‘सार्वजनिक शांततेला बाधा आणण्याची शक्यता’? दरवाजे बंद होते, दोन बाजू समोरासमोर होत्या, दगडफेक झाली होती. शक्यता नक्कीच होती. ‘धार्मिक भावना दुखावणारा मजकूर’? दुखावलेले पुष्कळ होते. ‘प्रस्थापित व्यवस्थेची अवज्ञा’? सत्याग्रह तर त्यासाठीच होता. व्याख्येत ते पत्रक अडकत असेल तर व्याख्या फार रुंद आहे, आणि नेमका कुठला शब्द काढला की ते पत्रक सुटतं, हे शोधणं म्हणजेच तुमची हरकत.

मग उलट बाजूने पाहा. जे खरंच थांबवायला हवं, म्हणजे अमुक वस्तीवर चालून जा असं जमावाला सांगणारा माणूस, तो तुमच्या सुचवलेल्या शब्दांत सापडतो का? तो निसटत असेल तर तुमचं म्हणणं समिती मनावर घेणार नाही, आणि घेऊही नये. भारतीय न्याय संहितेत गटागटांत वैर पसरवण्याबद्दलचं कलम १९६ आणि शांतता बिघडवणाऱ्या खोट्या विधानांबद्दलचं कलम ३५३ आधीच आहेत. नवा कायदा त्यापेक्षा वेगळं काय करतो, हा प्रश्न हरकतीत जरूर घाला.

हरकत लिहिताना

एका हरकतीत एक कलम. पाच कलमांवर बोलायचं असेल तर पाच परिच्छेद करा, प्रत्येकाला क्रमांक द्या. घोषणा नको, उपरोध नको, सरकारच्या हेतूवर भाष्य नको. वाचणारा समितीचा कक्ष अधिकारी तुमचं म्हणणं एका तक्त्यात भरणार आहे: खंड कुठला, हरकत काय, सूचना काय. त्याच्या तक्त्यात बसेल असंच लिहा. समजा, एखाद्या मसुद्यात ‘कायद्याची अवज्ञा करण्यास प्रोत्साहन देणारा मजकूर’ असे शब्द आहेत. मी असं लिहीन:

“मी नाशिक शहरातील रहिवासी असून सदर विधेयकाच्या खंड अमुक बाबत पुढीलप्रमाणे हरकत नोंदवीत आहे. या खंडात हिंसेची किंवा हिंसेच्या चिथावणीची अट नाही. त्यामुळे शांततामय सत्याग्रहाचे आवाहन करणारे पत्रकही गुन्हा ठरू शकते. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(२) मध्ये ‘अवज्ञा’ हा आधार नाही. श्रेया सिंघल विरुद्ध भारत सरकार (२०१५) या निकालानुसार चर्चा व पुरस्कार यांना संरक्षण आहे. सबब सदर शब्द वगळावेत. ते शक्य नसल्यास ‘हिंसक अपराधास प्रत्यक्ष व नजीकची चिथावणी देणारा मजकूर’ असे शब्द घालावेत. मला समितीसमोर तोंडी म्हणणे मांडण्याची संधी द्यावी.”

हा नमुना जसाच्या तसा पाठवू नका. एकाच मजकुराच्या हजार प्रती गेल्या तर त्या एकच हरकत म्हणून बाजूला ठेवणं सोपं जातं. तुमच्या कामाचं उदाहरण घाला. सिन्नरचा कामगार कार्यकर्ता कारखान्याच्या दारातल्या पत्रकाबद्दल लिहील, कळवणचा आदिवासी हक्कांवर काम करणारा वनहक्काच्या सभेबद्दल, मालेगावच्या उर्दू साप्ताहिकाचा संपादक त्याच्या अग्रलेखाबद्दल. मराठीतच लिहा. विधिमंडळाचं काम मराठीत चालतं आणि मराठी हरकतीला कमी वजन आहे असं मुळीच नाही.

हरकती-सूचनांचा प्रकार नाशिककरांना परका नाही. तपोवनातल्या झाडतोडीवर २०२५ च्या अखेरीस शेकडो लोकांनी महापालिकेकडे हरकती नोंदवल्या, त्यात पहिल्यांदाच असा अर्ज लिहिणारे कितीतरी होते. ज्याला झाडासाठी हरकत लिहिता आली, त्याला कलमासाठीही येते.

पाठवताना मुदतीच्या दिवसावर जाऊ नका. ईमेल पाठवा आणि सोबत छापील प्रत स्पीड पोस्टाने विधान भवनाच्या पत्त्यावर. पोस्टाची पावती आणि ईमेलची छापील प्रत एकाच फाइलला लावा. जिल्हाधिकाऱ्यांमार्फत शासनाला निवेदन द्यायचं असेल तर दोन प्रती न्या. बहुधा निवासी उपजिल्हाधिकारी ते स्वीकारतात. फोटो काढून लगेच निघून येऊ नका; दुसऱ्या प्रतीवर आवक शाखेचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय ते निवेदन दिलं असं पुढे सिद्ध करता येत नाही.

आमदारांकडे जाताना

नाशिक जिल्ह्यात विधानसभेचे पंधरा मतदारसंघ आहेत. शिवाय विधान परिषदेवर नाशिक विभागाचे पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघातले प्रतिनिधी आहेत, त्यांना लोक विसरतात. पदवीधर म्हणून तुमचं नाव त्या यादीत असेल तर तेही तुमचेच आमदार. अधिवेशन मुंबईत किंवा नागपुरात सुरू झालं की भेट मिळत नाही, म्हणून आधीच्या दोन-तीन आठवड्यांत मतदारसंघातल्या कार्यालयात वेळ मागा.

भेटीत एकच पान द्या. त्यावर तीन गोष्टी पुरे: कुठला खंड, काय बिघडतं, कुठले शब्द हवेत. सत्ताधारी आमदार सभागृहात पक्षाविरुद्ध मत देणार नाहीत, हे गृहीत धरा. त्यांना मंत्र्यांशी बोलायला सांगा, समितीवर असलेल्या सदस्यापर्यंत कागद पोचवायला सांगा. विरोधी आमदारांना दुरुस्ती सुचवायला आणि समितीवर असतील तर भिन्नमत पत्रिका जोडायला सांगा. ते भिन्नमत अहवालाचा भाग होतं आणि पुढे न्यायालयात वकिलाला उपयोगी पडतं. भेटून आल्यावर ‘आज आपण अमुक म्हणालात’ असं दोन ओळींचं पत्र पाठवा. तोंडी आश्वासन कागदावर आलं की त्याची आठवण दोन्ही बाजूंना राहते.

सगळ्याच पक्षांच्या दारात जा. ज्यांचं बोलणं तुम्हाला सहन होत नाही त्यांच्यावर अन्यायाने गुन्हा दाखल झाला, तेव्हाही तुम्ही बोललात तरच तुमच्या शब्दाला किंमत येईल. नागरी स्वातंत्र्याच्या कामात यापेक्षा अवघड काही नाही. आणीबाणी होती तेव्हा, डिसेंबर १९७५ मध्ये, कराडच्या साहित्य संमेलनाच्या व्यासपीठावरून दुर्गाबाई भागवत लेखकाच्या स्वातंत्र्यासाठी उभ्या राहिल्या. तुरुंगात तेव्हा समाजवादी होते, संघाचे होते, सर्वोदयी होते. स्वातंत्र्य त्या सगळ्यांचं मागितलं गेलं.

शहरातला रोजचा कायदा: कलम ३७

मोठ्या विधेयकांची वाट पाहत बसायची गरज नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात आणि ते वृत्तपत्रात छोट्या चौकटीत येतात. पाच किंवा अधिक लोकांनी जमणं, मिरवणूक, घोषणा, चिथावणीखोर भाषणं, हावभाव, चित्रं, फलक अशा गोष्टी त्यांत येतात. जमावबंदीचा, म्हणजे पोटकलम (३) चा आदेश राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपेक्षा अधिक काळ चालत नाही. पण एक संपला की दुसरा निघत राहिला तर अपवाद हाच नियम होतो. सिंहस्थाच्या काळात बंदोबस्त वाढणार, ते समजण्यासारखं आहे. गर्दीच्या सुरक्षिततेसाठी काढलेला आदेश टीकेचं तोंड बंद करायला वापरला जात नाही ना, हे पाहणारे नागरिक मात्र लागतील.

नव्या माणसाने इथूनच सुरुवात करावी असं मला वाटतं. माहिती अधिकाराचा अर्ज करा: ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत शहर पोलीस आयुक्तालयाने कलम ३७ खाली काढलेल्या सर्व आदेशांच्या प्रती, आणि त्यांचा भंग केल्याबद्दल दाखल झालेल्या गुन्ह्यांची संख्या.’ महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, आणि त्यापुढे राज्य माहिती आयोगाचं खंडपीठ नाशिकमध्येच आहे. आदेश हाती आले की सलग लावून पाहा. किती दिवस शहर मनाईखाली होतं, कारणं तीच ती छापली आहेत का, कुठल्या आंदोलनाच्या आधी आदेश निघाला? एवढं टिपण स्थानिक पत्रकाराला दिलं तर ती बातमी आहे, आणि आयुक्तांना दिलं तर चर्चेचा मुद्दा.

माहिती अधिकाराबाबत एक नवी अडचण आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने कलम ८(१)(ञ) बदललं आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. पूर्वी ‘वैयक्तिक माहिती’ नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही हे दाखवावं लागे, आता ती अट त्या कलमात उरलेली नाही. त्याच कायद्यात पत्रकारितेसाठी वेगळी सूटही ठेवलेली नाही, आणि अभिव्यक्तीवर काम करणाऱ्यांनी या दोन्हींवर बोलत राहायला हवं. तूर्त अर्जात आणि अपिलात कलम ८(२) चा आधार स्पष्ट लिहा: सार्वजनिक हित अधिक मोठं असेल तर माहिती देता येते, ही तरतूद अजून आहे.

पत्रकारांसाठी आणि पत्रकारांबरोबर

तालुक्याचा वार्ताहर सगळ्यात उघडा पडलेला असतो. मानधन तुटपुंजं, नेमणुकीचं पत्र नाही, आणि ज्याच्याविरुद्ध बातमी दिली तो माणूस रोज बाजारात समोर. सप्टेंबर २०२५ मध्ये त्र्यंबकेश्वरला वाहनतळाच्या पावत्या फाडणाऱ्यांनी पत्रकारांना मारहाण केली, ते सगळ्यांनी पाहिलं. महाराष्ट्रात पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा कायदा विधिमंडळाने २०१७ मध्ये मंजूर केला. पत्रकार संघटनांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली म्हणून तो झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, आणि तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे. पण फिर्याद लिहिताना हा कायदा लावा असं ठाण्यात स्पष्ट म्हणावं लागतं, नाहीतर साध्या मारहाणीची कलमं लागून प्रकरण मिटतं. त्या कायद्यातली पत्रकाराची व्याख्या माध्यम संस्थेत काम करणाऱ्याभोवती बांधलेली आहे. स्वतंत्र वार्ताहर आणि मोबाइलवर बातम्या करणारी मुलं तिच्यात ठामपणे बसत नाहीत. ती दुरुस्ती मागणं हे नाशिकच्या गटाने हाती घ्यावं असं काम आहे.

छोट्या साप्ताहिकांना आणखी एक मदत करता येईल. १८६७ चा जुना नोंदणी कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नवा कायदा लागू झाला आणि नोंदणी ऑनलाइन झाली. उतारवयातल्या संपादकाला तो अर्ज आणि वार्षिक विवरण भरायला शेजारी बसणारा तरुण हवा असतो. तेही वृत्तपत्र स्वातंत्र्याचंच काम.

पोलिसांची नोटीस आली तर

तुम्हाला किंवा तुमच्या सोबत्याला पोस्टबद्दल बोलावणं आलं तर फोनवरच्या बोलावण्यावर एकट्याने जाऊ नका, लेखी नोटीस मागा. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटकेआधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ३५(३) खाली हजर राहण्याची नोटीस, हा सर्वसाधारण मार्ग आहे. नोटिशीत कलम कुठलं ते वाचा. ६६अ लिहिलेलं असेल तर ते २०१५ मध्येच रद्द झालं आहे, आणि त्याखाली कुणावर खटला चालवू नये असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पुन्हा बजावलं आहे. शिक्षा तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतली असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्याच कलम १७३(३) खाली गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करता येते. मार्च २०२५ च्या इम्रान प्रतापगढी निकालात न्यायालयाने एका कवितेवरचा गुन्हा रद्द करताना, अभिव्यक्तीच्या प्रकरणांत ही चौकशी करणं उचित असं सांगितलं. निकालाची प्रत सोबत न्या.

फोन ताब्यात घेतला तर पंचनाम्याची प्रत मागा. त्याच संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण व्हायला हवं. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला, अनुसूचित जाती-जमाती, कोठडीत असलेले आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणारे यांना तिथे मोफत वकील मिळतो.

मंजूर झाल्यावर

कायदा झाला की नियम येतात, आणि नियमांचा मसुदाही पुष्कळदा हरकतींसाठी प्रसिद्ध होतो. तो राजपत्रात येतो आणि मोर्चा घरी गेलेला असतो. गटातल्या एकाने दर आठवड्याला राजपत्र पाहायचं, एवढं ठरवून टाका.

न्यायालयाचा रस्ता लांब आहे, पण बंद नाही. समाजमाध्यमांवरचा सरकारविषयीचा मजकूर खोटा की खरा हे सरकारच्याच तथ्य-पडताळणी कक्षाने ठरवायचं, असा नियम केंद्राने २०२३ मध्ये केला होता. विनोदी कलाकार कुणाल कामरा आणि इतरांच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयात जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची दोन मतं झाली, आणि सप्टेंबरमध्ये तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मताने तो नियम रद्द ठरला. नाशिकसाठीही मुंबईचंच उच्च न्यायालय. मूळ मसुद्याची प्रत, तुमची हरकत, तिची पोच, समितीचा अहवाल, भिन्नमत, माहिती अधिकारातली उत्तरं असं सगळं तारखांच्या क्रमाने लावलेलं असेल, तर रिट याचिका करणाऱ्या वकिलाचं निम्मं काम तुम्ही आधीच केलेलं असतं. त्या फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा आणि एक स्कॅन करून गटातल्या सगळ्यांकडे द्या.